एक लाख बारा हजार चारशे

९ जानेवारी

दादा,

वर साष्टांग नमस्कार लिहिलेला नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलेला नाही.

दहा वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही पोस्टकार्ड. म्हणजे पोस्टमन, खालचा किराणावाला आणि शेजारीण यांचं वाचून झाल्यावर माझ्या हातात पडलं. चार वाक्यं. "सही करून टाक. जुनं मिटव. निम्मे मी भरतो. तुझी वहिनी बरी आहे." त्यातलं शेवटचं तेवढं मला आवडलं.

तुला कोणी कळवलं हे विचारायची गरज नाही. बिनतारी खोलीतला आपला रेडिओ. माणूस निवृत्त झाला, प्रक्षेपण चालूच आहे. पण तो नेहमी अर्धी बातमी सांगतो, म्हणून उरलेली मी सांगते.

आपल्या संघटनेला महासंघात जायचंय. महासंघ म्हणतो, स्थापनेपासूनचे ताळेबंद स्वच्छ करून आणा. आपल्या चोवीस वर्षांच्या ताळेबंदात एकच ओळ अस्वच्छ आहे: 'खजिनदारांकडून येणे, एक लाख बारा हजार चारशे.' ती ओळ गेली दहा वर्षं मी स्वतःच्या हाताने एका पानावरून पुढच्या पानावर नेते आहे. गंमत बघ. ज्या सभेत तू माझ्याकडे बोट दाखवलंस, त्याच सभेने तासाभराने मला पुन्हा खजिनदार निवडलं. कारण दुसरं कोणी वह्या सांभाळायला तयार नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालंसुद्धा, "चोर असेल, पण बेरीज कधी चुकत नाही." मी ऐकलं आणि वही उघडली. दुसऱ्या दिवसापासून दर महिन्याचा हिशेब फलकावर लावते. एकही महिना चुकलेला नाही.

अठ्ठावीस फेब्रुवारीला मी निवृत्त होते. त्याआधी नव्या अध्यक्षांनी एक कागद टाइप करून आणला. चांगला मुलगा आहे, नुकताच फौजदार झालाय, कपड्यांची इस्त्री अजून मोडत नाही. कागदावर लिहिलंय: 'वरील रक्कम माझ्या ताब्यातून माझ्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाली, हे मला मान्य आहे.'

"ताई, फक्त एक सही," तो म्हणाला. "समिती रक्कम माफ करणार. तुमच्यावर कोणी केस करत नाहीये."

"केस करायची नाही, तर मान्य कशाला करायचं?"

"ओळ काढायला काहीतरी कारण नको का दाखवायला?"

"कारण मी देते. खरं देते, चालेल?"

तो बिचारा कागदाची घडी घालायला लागला. एवढ्या वर्षांत त्या ओळीला खरं कारण असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नाही.

मी सही करणार नाही, दादा. चोवीस फेब्रुवारीला सर्वसाधारण सभा आहे, तिथे उभी राहून काय झालं ते सांगणार आहे. तुला दीड महिना आधी कळवते. तू मला दीड मिनिटसुद्धा आधी कळवलं नव्हतंस.

सभेत वाचायचं टिपण करायला घेतलंय. सुरुवात अशी आहे, चुकलं असेल तर दुरुस्त कर:

'कवायतीच्या मैदानामागच्या स्वयंपाकघरात आम्ही तेवीस जण जमलो. ठरलं ते एवढंच, की दर महिन्याला वर्गणी काढायची आणि आपल्यातला कोणी निलंबित झाला तर त्याच्या घरी दरमहा पैसे पोचवायचे. कारण पोलीस निलंबित झाला की त्याला उधार द्यायला वाणीसुद्धा घाबरतो. माझा भाऊ अध्यक्ष झाला, मी खजिनदार. रेडिओ म्हणाला, बरं झालं, खाल्ले तरी घरातल्या घरात राहतील.

'अकराव्या वर्षी नवे मोठे साहेब आले. पोलिसांना संघटना कशाला, शिट्टी दिलीय ना, असं म्हणून त्यांनी बंदी घातली. सोमवारी खातं गोठणार होतं. शुक्रवारी अध्यक्ष आणि मी बँकेत गेलो. दोघांच्या सह्या झाल्या. खिडकीवर रक्कम मी मोजून घेतली आणि अध्यक्षांच्या कॅनव्हासच्या पिशवीत ठेवली. घरी आल्यावर मी पावती मागितली.'

इथे थांबलेय. पावती मागितल्यावर तू वहिनीसमोर जे म्हणालास ते सभेत वाचू की नको? "भावाकडून पावती घेणारी पहिलीच बहीण बघतोय." वहिनी हसली, तू हसलास. मीही हसले, ते मला आजवर जड जातंय. चोवीस वर्षांत बिनपावतीचा माझा तेवढा एकच व्यवहार.

वाचणार आहे मी. कळावं म्हणून कळवलं.

तुझी बहीण


२१ जानेवारी

दादा,

या वेळी पाकीट पाठवलंस, बरं केलंस. आतला मजकूर किराणावाल्याने वाचला असता तर त्याने माझी उधारी बंद केली असती.

"तू ते पैसे कशासाठी घेतलेस हे मी कधी विचारलं नाही, पुढेही विचारणार नाही. अडचण असेल."

हे वाक्य मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचलं.

म्हणजे तुला खरंच तसं वाटत होतं?

दहा वर्षं मी समजत होते की तू खोटं बोललास. पैशाचं काय झालं ते तुला ठाऊक होतं आणि स्वतःची कातडी वाचवायला तू सभेत म्हणालास, "खजिनदारांना विचारा, रक्कम त्यांनी मोजून घेतली." त्या खोटारड्या भावावर मी दहा वर्षं रागावले, आणि त्या रागाने माझं बरं चाललं होतं. आता कळतं की तू खोटारडा नव्हतासच. तू मनापासून मला चोर समजत होतास, वर माझ्या 'अडचणी'ची कीव करून गप्प बसला होतास. दादा, खोटारडा भाऊ मला परवडला असता.

ठीक आहे. आता तुला काय माहीत नाही ते ऐक.

पैसे तू कुठे ठेवलेस ते मला दीड वर्षाने कळलं, मुद्देमाल खोलीत माझी बदली झाली तेव्हा. त्या खोलीतलं सगळं मोजून काढायचं होतं: गंजलेल्या सायकली, कुलपं, चाकू, एका लग्नातून चोरलेला बँडबाजाचा भोंगा, आणि मागच्या फळीवर खाकी कागदाचं, दोऱ्याने बांधलेलं, लाखेचं सील मारलेलं पुडकं. 'बसथांब्यावरील बाकाखाली मिळून आलेली बेवारस रोख रक्कम.' अक्षर तुझं. रक्कम एक लाख बारा हजार चारशे. आणि पंच म्हणून ज्या दोघांची नावं होती, त्यातला एक आपल्या लहानपणीचा दूधवाला आणि दुसरे तुला गणितात नापास करणारे मास्तर. दोघंही केव्हाच वर गेलेले.

मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले. तुझ्या अकलेला मानलं. बँकेवर साहेबांची नजर, घरावर झडतीची भीती. मग या गावात पैसे सुरक्षित कुठे राहतील? चोरीचा माल ठेवतात तिथे. तिथून कोणी चोरत नाही. हे फक्त पोलिसाच्या डोक्यात येऊ शकतं.

पण तू तपासावरचा माणूस, मुद्देमालाच्या कारकुनीशी तुझा कधी संबंध आला नाही. तिथला नियम तुला माहीतच नव्हता. बेवारस रोख रक्कम दोन वर्षं पडून राहिली की तिची यादी होते. यादी झाली की फाटकाजवळच्या फलकावर तीस दिवस नोटीस लागते. कोणी मालक आला नाही, तर कोर्टाच्या आदेशाने रक्कम सरकारी तिजोरीत जाते. तू नोंद इतकी चोख केली होतीस की पुढचं सगळं आपोआप चोख झालं. नोंद चुकीची असती तर पैसे वाचले असते.

ते तिजोरीत गेले, दादा. भरण्याचं चलान माझ्याकडे आहे. मी एक पैसाही घेतलेला नाही. बंदी उठल्यावर तू गुपचूप फळीवर हात फिरवलास, पुडकं नव्हतं, आणि किल्ली माझ्याकडे होती. एवढ्यावर तू निकाल दिलास. पंचवीस वर्षं तपास करणारा माणूस तू, आणि एका साक्षीदाराला एक प्रश्न विचारला नाहीस.

तुझी बहीण


२ फेब्रुवारी

दादा,

आता विचारलास प्रश्न. "तू तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

सांगते. मुद्देमालाच्या नोंदवहीत खोटी नोंद, खोटे पंच. हे उघड झालं असतं तर तुझी नोकरी गेली असती. नुसती गेली नसती, वर कोठडी. तुझी फौजदारकीची परीक्षा पास झालेली, तू तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेलेला, वहिनीच्या पोटात धाकटी. पुडकं मी उचललं असतं तर चोर मी. साहेबांना सांगितलं असतं तर तू गेलास. म्हणून मी यादीत नंबर लिहिला आणि गप्प बसले. पुढे सभेत तू बोट दाखवलंस तेव्हाही गप्प बसले, कारण तोंड उघडलं तर तुझ्या खांद्यावरचे नवे तारे उतरले असते.

याची किंमत आपण दोघांनी दिली नाही. ती ड्रायव्हरच्या बायकोने दिली. तुला आठवत नसेल, तुझी बदली झाली होती. पैसे तिजोरीत गेल्यावर चार महिन्यांनी आपल्या जीपच्या ड्रायव्हरने पुलाचा कठडा तोडला आणि तो निलंबित झाला. चौदा महिने. ती बाई आपल्या नियमांची छापील पुस्तिका घेऊन मुद्देमाल खोलीच्या दारात आली. सातव्या नियमावर पेन्सिलीने खूण केली होती. तेव्हा बंदी होती आणि ती नसती तरी द्यायला काही नव्हतं. मी म्हटलं, संघटना सध्या बंद आहे.

ती म्हणाली, "ताई, संघटना बंद झालीय की माणसंच बंद झालीत?"

तिची दोन शिलाई यंत्रं होती. दोन्ही विकली. नवरा कामावर परत आला तरी पुढे सहा वर्षं ती दुसऱ्यांच्या यंत्रावर बसून, नगाप्रमाणे पैसे घेऊन शिवत होती. माझ्या गणवेशाच्या बाह्या तिनेच आखूड केल्या आहेत. एका शब्दाने काही बोलली नाही. टाका मात्र इतका घट्ट घालते की उसवताना कापड फाटतं.

चोवीस तारखेला हे सगळं वाचणार आहे. तुझी पेन्शन चालू आहे, मला माहीत आहे. घाबरवत नाही, सांगते आहे.

तुझी बहीण


१० फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलेलं नाही, तरी लिहिते. मागचं पत्र टाकलं आणि त्याच दिवसापासून ते मला टोचतंय. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे, पण अर्धं आहे. रेडिओला नावं ठेवते आणि मीही अर्धीच बातमी पाठवली.

नोटीस तीस दिवस फलकावर होती. 'ज्याची असेल त्याने ओळख पटवून न्यावी.' ती मीच चिकटवली, माणसाच्या डोळ्याला येईल अशा उंचीवर. आपले बावीसच्या बावीस सभासद रोज तिच्यासमोरून गेले. रेडिओने तर मोठ्याने वाचली: "काय एकेक श्रीमंत असतात बघा, लाख रुपये बाकाखाली विसरतात!"

तुझ्या प्रशिक्षण केंद्रात फोन होता. ऑफिसात नंबर लिहिलेला होता. तीस दिवसांत तुला एक फोन केला असता, तर तू कोणातरी भरवशाच्या माणसाला मालक म्हणून उभा केला असतास. तू पुडकं लपवू शकतोस तर सोडवूही शकला असतास. ना नोकरी गेली असती, ना पैसे.

मी फोन केला नाही.

दोनदा रिसीव्हर उचलला होता. दोन्ही वेळा तुझं ते हसणं आठवलं. पावती मागितल्यावरचं. आणि वाटलं, होऊ दे. एकदा तरी याचं चुकू दे, आणि ते चुकलेलं याला दिसू दे. लहानपणापासून चुकायचं खातं माझ्याच नावावर होतं. बशी फुटली, मी. सायकल हरवली, मी. एकदा तरी तू चुकायला हवा होतास, दादा. त्यासाठी मी तेवीस जणांचे पैसे जाऊ दिले.

तुला वाचवलं हे खरं. तुला बुडवायचंही होतं, हेही खरं. आधीचं मी सगळ्या जगाला सांगायला तयार होते. दुसरं आज पहिल्यांदा लिहिलं, आणि तुलाच लिहिलं.

म्हणून मी सही करणार आहे असं समजू नकोस. 'निष्काळजीपणामुळे गहाळ' यावर तर मुळीच नाही. माझ्याकडून काहीही निष्काळजीपणाने झालेलं नाही.

तुझी बहीण


२५ फेब्रुवारी

दादा,

काल सभा झाली. तू आला नाहीस, तुझं पत्र आलं. अध्यक्षांनी ते उभं राहून वाचलं.

खोटी नोंद तू केलीस, खोटे पंच तू घातलेस, हे तू स्वतःच्या सहीने लिहून पाठवशील असं मला वाटलं नव्हतं. खरंच वाटलं नव्हतं. पेन्शनचा विचार करून वहिनी रडली असणार. तिला माझा नमस्कार सांग, तिला करते.

पण शेवटची ओळ. "माझ्या बहिणीला यातलं काहीही माहीत नव्हतं. ती पूर्ण निर्दोष आहे."

दहाव्या तारखेचं माझं पत्र तुला पोचलेलं असताना तू ते लिहिलंस. टाळ्या वाजल्या, दादा. एकेचाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. मागे जो 'चोर असेल, पण' म्हणाला होता, तो सगळ्यात जोरात. अध्यक्षांनी तो टाइप केलेला कागद माझ्यासमोर फाडला. मी तशीच बसून राहिले असते तर चार दिवसांनी धुतल्या तांदळासारखी घरी गेले असते. तू दार उघडून दिलं होतंस. फक्त बाहेर पडायचं होतं.

मी उठले.

रेडिओ म्हणाला, "अहो ताई, बसा आता खाली. सुटलात!"

"सुटायला मी आरोपी होते का?" मी म्हटलं. "आणि माझ्या भावाची शेवटची ओळ खोटी आहे. मला माहीत होतं. पुडकं मी ओळखलं, यादी मी केली, नोटीस मी चिकटवली. तीस दिवस होते. मी फोन केला नाही. का केला नाही ते त्याचं माझं आहे, पण केला नाही, हे संघटनेचं आहे."

मग रेडिओ हळूच म्हणाला, "म्हणजे ती नोटीस... ती तर मी वाचली होती." एकजण फिस्सकन हसला आणि बघता बघता सगळी खोली हसायला लागली. रोज येता-जाता स्वतःच्याच पैशाची नोटीस वाचणारे बावीस पोलीस! हसून हसून जुन्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले, आणि या वेळी त्याची लाज वाटली नाही.

"हसून झालं असेल तर मी बोलू का?"

ड्रायव्हरची बायको. नवऱ्याची पाठ धरलीय म्हणून त्याला हाताला धरून आणलं होतं तिने.

"सातव्या नियमाने मला चौदा महिने चार चार हजार मिळायचे होते. तेव्हा मला सांगितलं, संघटना बंद आहे. आज कळलं, पैसे बंदीने गेले नव्हते. मग माझे पैसे मी कोणाकडे मागू?"

अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे आणि माझ्या भावाकडे. संघटनेकडे नाही." तुला विचारलं नाही. विचारणार कसं, तू आला नव्हतास.

अध्यक्ष घाईने म्हणाले, "छप्पन्न हजार होतात. एकरकमी चेक—"

"चेक नको," ती म्हणाली. "मी चौदा महिने वाट बघितली, तर चौदा महिने घेणार. महिन्याला चार हजार. दोघांनी मिळून आणायचे, माझ्या हातात द्यायचे. पोस्टाने आले तर परत पाठवीन. एकच आला तर दार उघडणार नाही."

मी "बरं" म्हटलं. तुझ्या वतीनेही म्हटलं.

ताळेबंदातली ओळ आता अशी आहे: 'एक लाख बारा हजार चारशे, सरकारजमा. कारण: तत्कालीन अध्यक्षांची खोटी नोंद आणि ती माहीत असून खजिनदारांनी बाळगलेलं मौन.' अध्यक्ष म्हणाले, अशी ओळ महासंघ स्वीकारणार नाही. मी म्हटलं, मग मतदान घ्या. सत्तावीस हात ओळीच्या बाजूने, चौदा महासंघाच्या. महासंघात जाणं राहिलं. रेडिओने दोन्ही वेळा हात वर केला होता, त्याचं पहिलंच धरलं.

तुझ्या पत्राची प्रत कोणी वरपर्यंत पोचवेल का, ते मला माहीत नाही. पोचवली आणि तुला बोलावणं आलं, तर मलाही येईल. दोघं एकाच बाकावर बसू. मी तुझी बाजू मांडणार नाही, तूही माझी मांडू नकोस. पुन्हा मला निर्दोष वगैरे म्हणालास तर तिथेही उठून उभी राहीन.

पहिला हप्ता पाच मार्चला आहे. तिचं दुकान अकराला उघडतं, त्याआधी जायचं. आता तिची स्वतःची तीन यंत्रं आहेत. तेव्हा चारला रात्रीपर्यंत पोच. दोन हजार तू आण, दोन हजार माझे. अंथरूण घालून ठेवते, पण बोलायला लागेनच असं नाही. राग आहे अजून, आणि तो हप्त्याने फिटतो का ते मला ठाऊक नाही.

स्टँडवर न्यायला मी येणार नाही. चौकात उतर आणि कोणालाही विचार, खजिनदारबाई कुठे राहतात म्हणून.

तुझी बहीण